अजून फडफडतंय

माझा स्वभाव मुळातच फटकळ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईने आपली बाजू सावरून सांगितली. मी पडदे शिवते. घरीच, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी मशीन आहे. लोक मापं घेऊन येतात आणि मी त्यांना परत पाठवून पुन्हा मापं घ्यायला लावते, कारण आपल्या घराची खिडकी किती उंच आहे हे लोकांना धड माहीत नसतं. तेवीस वर्षांत माझा एकही पडदा आखूड पडलेला नाही. मापात मी चुकत नाही. जिथे चुकले ते सांगायला बसले आहे.

पुढच्या खोलीत छताला पाच दिवे आहेत, आमच्या ह्यांनी बसवलेले. हे इलेक्ट्रिशियन होते. दाराजवळ बटणांच्या शेजारी एक गोल खुंटी, तिला डिमर म्हणतात. फिरवली की पाचही दिवे एकदम कमी-जास्त होतात. दिवसा शिवताना पूर्ण प्रकाश लागायचा, आणि संध्याकाळी मी मशीनवर कापड टाकलं की हे खुंटी फिरवून उजेड अर्ध्यावर आणायचे. मग आम्ही दोघं नुसते बसायचो. हे जाऊन चार वर्षं झाली. खुंटी मीच फिरवते आणि एकटीच बसते.

तर त्या पाचांतले जुने काचेचे बल्ब एकेक करत गेले. मी दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "काकू, ते आता येतच नाहीत. एलईडी न्या." पाच मागितले. एकसारखी तीनच खोकी निघाली, म्हणून त्याने उरलेले दोन दुसऱ्याच कुठल्या तरी जातीचे दिले. मला काय कळणार. दिवा तो दिवा. शेजारच्या मुलाला सांगून लावून घेतले. पूर्ण उजेडात एकदम झकास. पण संध्याकाळी खुंटी फिरवली आणि जे काही सुरू झालं, ते बघवेना. दिवे फडफडायला लागले, डिमरच्या आतून घूं घूं आवाज यायला लागला, आणि बंद केल्यावरही त्यातले दोन दिवे मंद मंद तसेच चालू. मी त्यांना चार शिव्या घातल्या. त्याने काही फरक पडला नाही.

खरं तर कोपऱ्यावरच्या वायरमनला हाक मारायची, विषय संपला. पण माझ्या डोक्यात आधी दुसरंच आलं. माझ्या डोक्यात ठिणगी आली.

ठिणगी म्हणजे आमची लेक. सहा वर्षांची असताना ह्यांची नजर चुकवून तिने प्लगमध्ये हेअरपिन घातली होती. घराचा फ्यूज उडाला, आणि ती रडायचं सोडून विचारते, "बाबा, आता परत कसं लावायचं?" तेव्हापासून हे तिला ठिणगी म्हणायला लागले आणि मीही. मोठी झाली तशी ह्यांच्या मागे मागे शिडी धरायला जायला लागली. मग परीक्षा दिली, लायसन्स काढलं, ह्यांच्या बरोबरीने काम करायला लागली. हे गेले तेव्हा ह्यांची निम्मी गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. काम चोख. वायर अशी ओढायची की भिंतीला कळू नये.

आणि मला ते आवडत नव्हतं. आता सांगायला काही वाटत नाही, म्हणजे वाटतं, पण सांगते. नवरा इलेक्ट्रिशियन मला चालला, उलट त्याचं कौतुक होतं. मुलगी चालत नव्हती. ती संध्याकाळी घरी यायची ती केसांत चुना, नखांत काळं, खिशात टेस्टर. मी तिला दारातूनच सरळ बाथरूममध्ये पाठवायची. मी म्हणायची, "अगं, मुलीसारखं काहीतरी कर." ती म्हणायची, "मुलगीच करतेय की." मग मी गप्प बसायची, म्हणजे पाच मिनिटं.

दोन वर्षांपूर्वी माझी शाळेतली मैत्रीण आली होती. तीस-पस्तीस वर्षांनी. अंगावर इस्त्रीची साडी, तोंडात सारखी लेकीची डॉक्टरकी. लेकीचं हॉस्पिटल, लेकीची गाडी, लेकीने घेतलेली ही अंगठी. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी तिने विचारलं, "तुझी काय करते?" मी म्हटलं, "कंपनीत असते. ऑफिसात."

आणि तेवढ्यात दार उघडून ठिणगी आत आली. ड्रिल मशीन घरी विसरली होती. डोक्याला फडकं, धुळीचा मास्क गळ्यात ओढलेला, बूट पांढरे झालेले. मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही कोण गं?"

मी म्हटलं, "वायरिंगचं काम चाललंय आमच्याकडे."

बस. एवढंच वाक्य. माझ्या पोटच्या पोरीबद्दल. ठिणगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं आता ती बोलेल, घर डोक्यावर घेईल. तिने मान खाली घातली, आत जाऊन ड्रिल उचललं, बाहेर येताना म्हणाली, "येते, मॅडम." आणि पाठीमागे दार हळू लावून घेतलं.

महिन्याभरात तिने दुसऱ्या शहरात काम धरलं. बॅग भरताना मी म्हटलं, "एवढं काय झालं?" असं विचारायची अक्कलही मलाच. तिने बॅगेची चेन ओढली. त्यानंतर दोन वर्षं मी दर रविवारी फोन करत होते आणि तो शेवटपर्यंत वाजून बंद होत होता. मेसेज केला तर उत्तर यायचं. "बरी आहे." "जेवले." "हो." तिच्या एका शब्दाचे मी चार अर्थ लावत बसायची. ती बोलायला हवी होती मला. मग ती काहीही बोलो, भांडो, पण तिचा आवाज हवा होता.

तर त्या संध्याकाळी मी मशीनपाशी बसून मेसेज लिहिला. पुढच्या खोलीतले दिवे फडफडतात. डिमरमधून आवाज येतो. बंद केले तरी दोन दिवे थोडे चालू राहतात. बाकी काही नाही लिहिलं. पाठवला आणि घड्याळाकडे बघत बसले.

चार मिनिटांत उत्तर. "बल्ब बदललेस का? खोक्यावर काय लिहिलंय?"

खोक्यावरची अक्षरं मुंगीएवढी. मी लिहिलं, वाचता येत नाही. तिने लिहिलं, "कर फोन." मी केला. तिने लगेच उचलला. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि मी फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

"आई? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"तीन खोकी एकसारखी आणि दोन वेगळी, असं आहे का?"

"तुला कसं कळलं?"

"कारण दुकानदार सगळे सारखेच असतात. भिंग घे. तुझ्या मशीनच्या खणात आहे, डावीकडच्या. तीन खोक्यांवर 'डिमेबल' लिहिलेलं असेल. दोनांवर नसेल. ते दोन बल्ब मंद करायला बनवलेलेच नाहीत. ते काढ आणि तिघांसारखेच दोन आण. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे."

भिंग डावीकडच्या खणातच होतं. मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "बदलल्यावर सांग." आणि ठेवला. दीड मिनिट. पण त्या दीड मिनिटावर मी पुढचे दोन दिवस काढले.

दुकानदार बल्ब बदलून द्यायला तयार होईना. म्हणाला, चालतात की, काकू, एवढं काय मनावर घेता. मी म्हटलं, "मला शिकवू नका. माझी मुलगी इलेक्ट्रिशियन आहे. तिने सांगितलंय, डिमेबलच हवेत, आणि पाचही सारखे." दुकानात आणखी तीन माणसं होती, सगळ्यांसमोर मी ठणकावून बोलले. दुकानदार गुमान नवे बल्ब काढायला लागला, आणि मी तिथेच काउंटरला धरून उभी राहिले. जिला ऐकवायचं होतं ती ऐकायला नव्हती. ऐकवलं कुणाला, तर चार अनोळखी माणसांना. जुने दोन बल्ब काही त्याने परत घेतले नाहीत, ते पिशवीत घालून घरी आणले.

शेजारच्या मुलाने नवे लावले, फडफड बरीच कमी झाली. पण खुंटी अगदी खाली नेली की दिवे एकदम विझायचे, आणि घूं घूं तशीच. म्हणजे पुन्हा फोन करायला निमित्त मिळालं. मी मनातल्या मनात त्या डिमरचे आभार मानले.

या वेळी ती जास्त बोलली. म्हणाली, "आई, तो डिमर बाबांच्या जमान्यातला आहे. तेव्हा पाच बल्ब मिळून तीनशे वॅट खायचे. आता पाच मिळून पस्तीस. त्याला एवढ्या छोट्या घासाची सवय नाही, म्हणून तो नाटकं करतो. बाबांच्या डब्यात जुना बल्ब आहे का बघ एखादा. असला तर पाचांपैकी एकाच्या जागी लाव. फडफड थांबली तर दोष डिमरचा, हे पक्कं."

ह्यांच्या पत्र्याच्या डब्यात कागदात गुंडाळलेला एक बल्ब सापडला. त्याच मुलाने तो लावला. फोन कानाशी धरून खुंटी फिरवली. उजेड लोण्यासारखा खाली आला, आवाज बंद.

"थांबली," मी म्हटलं.

"बघ," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात ती हसली होती. मी शपथेवर सांगते, हसली होती. "पण तसंच ठेवू नकोस. तो एक बल्ब तापतो आणि वीज खातो. एलईडीसाठी बनवलेला नवा डिमर आण. आणि आई, तू त्याला हात लावायचा नाहीस. माणूस बोलव. त्याला सांग, आधी मेन बंद करायचा, मग टेस्टरने तपासायचं, मग उघडायचं. आणि नव्या डिमरला आत एक छोटा स्क्रू असतो, सगळ्यात कमी उजेड किती ते ठरवायचा. तो नीट लावून घे, नाहीतर खाली आणल्यावर दिवे पुन्हा विझतील."

मी सगळं पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. मग तिने आपण होऊन विचारलं, "पडदे चालू आहेत का?" मी म्हटलं, "चालू आहेत." ती म्हणाली, "बरं." अकरा मिनिटं झाली होती.

कोपऱ्यावरचा वायरमन गुरुवारी आला. भला माणूस, पण बडबड्या. मी पावती समोर धरून त्याच्या डोक्यावर उभी राहिले. मेन बंद केला का? टेस्टर लावला का? तो म्हणाला, "मावशी, बावीस वर्षं हेच करतोय." मी म्हटलं, "करा की, पण मी बघते." त्याने नवा डिमर बसवला, स्क्रू हळूहळू फिरवून दिवे विझतात कुठे ते पाहिलं, त्याच्या थोडं वर आणून ठेवलं. ह्यांचा जुना बल्ब काढून पाचवाही नवाच लावला. मग मी खुंटी फिरवली. पाचही दिवे एकसारखे, हळूहळू, आवाज न करता खाली आले. इतके छान की ह्यांच्या वेळीही एवढे नव्हते.

संध्याकाळी मी तिला फोन केला. सांगायचं होतं, झालं बाई, तुझ्यामुळे झालं. तिने उचलला. "काय, झालं का काम?"

माझ्या डोळ्यांसमोर दिवे स्वच्छ जळत होते. आणि मला एकदम कळलं की मी 'झालं' म्हटलं की ती 'बरं' म्हणेल आणि ठेवेल. मग पुढचा रविवार, आणि शेवटपर्यंत वाजणारा फोन.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून फडफडतंय."

पुढचे तीन आठवडे मी खोटं बोलले. एक दिवसाआड बोलले. आयुष्यात पडद्याच्या मापात कधी बोटभर लबाडी केली नाही, आणि इथे बेधडक थापा मारत होते. कधी म्हटलं मधला दिवा फडफडतो, कधी म्हटलं कडेचा. कधी म्हटलं सकाळी जास्त, कधी म्हटलं पंखा लावला की. तिला ते जुळेना. ती विचार करायची, मग म्हणायची, "थांब, मी सरांना विचारते." तिच्या वरिष्ठांना म्हणे तिने दोनदा विचारलं. माझ्या न झालेल्या बिघाडावर दोन शहाणी माणसं डोकं खाजवत होती.

पण त्या थापांच्या मधे मधे ती बोलायची. कळलं की ती एका हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत काम करते, चौथ्या मजल्यावर. कळलं की तिच्या हाताखाली तीन जण आहेत आणि त्यातला एक तिच्याहून वयाने मोठा असून तिला ताई म्हणतो. कळलं की ती दुपारी उभ्या उभ्या जेवते. मी म्हटलं, "बसून जेवत जा." ती म्हणाली, "आई, डिमरचं बोल." मी डिमरचं बोलले. फोन ठेवल्यावर मी तिचं एकेक वाक्य पुन्हा आठवायची आणि पडद्याला टीप मारायची. त्या तीन आठवड्यांत मी इतकं शिवलं की गिऱ्हाइकं चकित झाली.

मग मी माती खाल्ली. तिने विचारलं, "जळका वास येतो का कधी बटणांपाशी?" आणि मी, बोलण्याच्या भरात, "येतो की थोडासा," असं म्हणून गेले.

पलीकडे आवाज एकदम बदलला. "आई. आत्ता उठ आणि मेन बंद कर. आत्ता. आतली वायर सैल असणार. अशानेच आगी लागतात, आई, मी बघितल्यात. बटणाला हात लावू नकोस." मग म्हणाली, "मी माझ्या ओळखीच्या माणसाला पाठवते तुझ्याकडे. नाही, थांब. मीच रजा टाकते."

मीच रजा टाकते. दोन वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लावला होता ते वाक्य. मी हो म्हटलं असतं तर ती परवा दारात असती. पण तिचा आवाज कापत होता. माझी पोर घाबरली होती, माझ्या थापेमुळे. आणि मी खरं सांगायला हवं होतं. पण तेवढं धैर्य नव्हतं. मी मधलाच रस्ता काढला, म्हणजे आणखी मूर्खपणा केला. "वास नाही येत गं, मला उगीच वाटलं," मी म्हटलं. "नुसती फडफड आहे. तुला बघायचंय का? व्हिडिओ पाठवते."

"दुपारपर्यंत पाठव. नाहीतर मी निघते."

आता फडफड आणायची कुठून? पिशवीत ते दोन जुने बल्ब होते, डिमेबल नसलेले. मी स्टूल ओढलं. माझ्या गुडघ्यांची काय अवस्था आहे ते मला माहीत, आणि छत काही माझ्यासाठी खाली येत नाही. दिवे बंद करून, एका हाताने भिंत धरून, मी वर चढले. चांगले दोन बल्ब काढले आणि वाईट दोन लावले. चांगला चालणारा दिवा बिघडवायला मी त्रेसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढले होते. उतरले, खुंटी फिरवली. दोघांनी इमानेइतबारे फडफड केली. व्हिडिओ काढला, पाठवला, आणि घाम पुसत बसले.

पाच मिनिटांत फोन वाजला. तिचा. तिने स्वतःहून केलेला, दोन वर्षांत पहिला. हात पुसून उचलला.

"आई," ती म्हणाली, "तीन दिवे पिवळसर आहेत आणि दोन पांढरे. हे दोन पांढरे कुठून आले?"

मी मान वर करून दिव्यांकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी काढायला सांगितलेले दोन आहेत ते. तू ते काढले होतेस."

"हो."

"मग आता लावले कुणी?"

"मी."

"स्टुलावर चढलीस?"

"हो."

मागे कुणीतरी हातोडी मारत होतं. तिने अगदी हळू विचारलं, "दुरुस्त झालंय ना सगळं?"

"हो."

"कधी?"

"तीन आठवडे झाले. वायरमन आला त्याच दिवशी."

"मग तू मला फोन कशाला करत होतीस?"

"तू उचलत होतीस म्हणून," मी म्हटलं.

हातोडी थांबली, पुन्हा सुरू झाली. कुणीतरी तिला "ताई" म्हणून हाक मारली. ती म्हणाली, "मी कामावर आहे. ठेवते." आणि ठेवला.

त्यानंतर तीन दिवस काही नाही. मेसेज नाही, काही नाही. वायरमनला बोलावून पांढरे दोन उतरवले, कारण पुन्हा स्टुलावर चढायची ताकद उरली नव्हती. तो म्हणाला, "मावशी, हे परत कुठून आले?" मी म्हटलं, "तुम्ही काम करा." मशीनवर बसले तर टीप वाकडी जायला लागली. एक पडदा उसवून पुन्हा शिवला. मला तिची इतकी आठवण येत होती की भूकच लागेना. आणि सारखं वाटायचं, होतं नव्हतं तेही मीच घालवलं. आता ती माझ्या कुठल्याच बिघाडावर विश्वास ठेवणार नाही. उद्या खरंच काही पेटलं तरी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि मनाशी म्हटलं, आज काही बिघडलेलं नाही. दिवे चालू, पंखा चालू, नळ चालू, मी चालू. सांगायला एकही तक्रार नाही. असा फोन ती उचलते का, एवढंच बघायचं होतं. नाही उचलला तर नाही. निदान मला कळेल की ती त्या दिव्यांशी बोलत होती की माझ्याशी.

वाजला. पुन्हा वाजला. सहा वेळा वाजला. मी मोजत होते.

"बोल," ती म्हणाली.

वॅट नाही, होल्डर नाही, स्क्रू नाही, मग काय बोलायचं?

"काय झालं, आई?"

"काही नाही झालं. सगळं नीट चालू आहे."

"मग?"

"त्या दिवशी मी मैत्रिणीसमोर तुला ओळख दिली नाही," मी म्हटलं. "मला लाज वाटली होती गं. खोटं कशाला बोलू, लाजच वाटली होती, तुझ्या बुटांची, तुझ्या हातांची. ती अंगठी दाखवत होती आणि मला तुझी नखं आठवली. तू मॅडम म्हणालीस ना, ते मी रोज ऐकते. माझं चुकलं. फार चुकलं."

मी ऐकत राहिले. तिच्याकडे कुठेतरी रस्त्यावरचा आवाज येत होता, मग खिडकी लावल्याचा आवाज आला आणि तो बंद झाला.

"हे दोन वर्षं का नाही बोललीस?" ती म्हणाली. "मी वाट बघत होते. दर रविवारी फोन वाजायचा आणि मला वाटायचं, आता मेसेजमध्ये तरी लिहील. तर तू लिहायचीस, जेवलीस का."

"मला दुसरं काही लिहिता येत नाही."

"ते माहीत आहे मला."

मग थोडा वेळ आम्ही दोघीही रडलो. लांबलचक नाही. तिला नाक ओढायची सवय आहे, लहानपणापासून, ते ऐकू आलं.

"मी लगेच येणार नाहीये," ती म्हणाली. "राग गेलेला नाही माझा."

"नको येऊस लगेच. राग पुरा होऊ दे."

"हं."

मला वाटलं, आता ठेवेल. मी मनाची तयारी केली. पण ती म्हणाली, "मला भूक लागली आहे. भाजी चिरायची आहे अजून. तू ठेवू नकोस. मी फोन ओट्यावर ठेवते."

"बोलू का काही?"

"नको. नुसती राहा."

तिने फोन ओट्यावर ठेवला, खट्ट असा आवाज झाला. मग नळ सोडला. मग कपाट उघडल्याचा आवाज, पातेली एकमेकांवर घासली. मग सुरी पाटावर चालायला लागली, भरभर, हे चिरायचे तशी, बारीक. ते घर मी कधी पाहिलेलं नाही. ओटा खिडकीला लागून आहे की भिंतीला, दिवा डोक्यावर आहे की बाजूला, काही माहीत नाही. मी डोळे मिटून बसले आणि तिचं चिरणं ऐकत राहिले. मधेच सुरी थांबली आणि लांबून तिचा आवाज आला.

"आई, आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं.

सुरी पुन्हा चालू झाली.